सुखदेवभाऊ, तुमचा बदल अजून उघडाच आहे

सुखदेवभाऊ,

काल तुमच्या तेरवीहून परतले ती तडक कॉम्प्युटरसमोर बसले. आईनं विचारलं, "जेवाले वाढू का?" मी नको म्हटलं. स्क्रीनवर तुमचं नाव होतं, त्याखाली तुम्ही पाठवलेला शेवटचा बदल, आणि शेजारी हिरव्या लेबलात 'उघडा', म्हणजे निर्णय न झालेला. पाच आठवडे तो तसाच पडून आहे. तुम्ही असताना तीन, तुम्ही गेल्यावर दोन. नंतरच्या दोन आठवड्यांचं कारण चारचौघांत सांगता येतं. आधीच्या तीन आठवड्यांचं मी कुणालाच सांगितलेलं नाही, म्हणून ते तुम्हालाच सांगायला बसले आहे.

वडशाला मांडवात मी कोण, हे वहिनी सगळ्यांना सांगत होत्या, "ही ह्यांची कॉम्प्युटरवाली बाई." तुमचे एक काका शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "तुमचं न सुखदेवचं काय काम होतं?" मी म्हटलं, आम्ही काही जण मिळून मराठीचा शुद्धलेखन तपासनीस बनवतो. फुकटचा. कोणीही घ्यावा, आतून उघडून पाहावा, चुकलं असेल तर सुधारून पाठवावं. पाठवलेलं घ्यायचं की नाही, ते मी ठरवते. काका म्हणाले, "म्हणजे तो फोनवर ज्या बाईसंग भांडे, थे तुम्हीच." हो, मीच.

तुमचा पहिला निरोप मला पाठ आहे. वडशाच्या तुमच्या डीटीपीच्या दुकानात नाटकांची हस्तपत्रकं व्हायची आणि लेखकांनी वहीत लिहिलेली नाटकं तुम्ही टाइप करून द्यायचा. त्यातल्याच एका पानाचा फोटो तुम्ही पाठवला होता. पान कसलं, निव्वळ लाल रेघा. खाली लिहिलं होतं, "मॅडम, इथी नायकाची माय मरून राह्यली, न तुमचं सॉफ्टवेअर तिच्या बोलण्याखाली लाल रेघा ओढून राह्यलं. मरतानी तरी बाईले तिच्या भाषेत बोलू द्या."

मी उत्तर दिलं, 'हे प्रमाण मराठीचं साधन आहे, बोलीसाठी नाही', आणि तक्रार बंद करून टाकली. पाच मिनिटंही लागली नाहीत. हसू आलं होतं, खोटं कशाला सांगू, पण उत्तरात ते येऊ दिलं नाही.

दुसरा कोणी असता तर दोन शिव्या हासडून निघून गेला असता. तुम्ही व्हिडिओ पाहून बदल कसा पाठवायचा ते शिकलात आणि महिनाभरानं हजारावर शब्दांची यादी पाठवलीत. मी उघडली, तर आत एकही मराठी अक्षर नाही. इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं, सगळा कचरा. आयुष्यभर डीटीपी केलेल्या माणसानं यादी त्याच्या जुन्या फॉन्टात टाइप केली होती. तुमच्या दुकानातल्या मशीनवर ते शब्द छान दिसत होते, जगातल्या बाकी कुठल्याही मशीनवर ते शब्दच नव्हते. हे मला बघताक्षणी कळलं. एका ओळीत समजावून सांगता आलं असतं. मी सगळ्यांदेखत लिहिलं, 'कीबोर्डवरून मांजर चालत गेलं का?' खाली आठ-दहा जणांचे हसरे चेहरे आले. मला ते बघून बरं वाटलं होतं.

तुम्ही लिहिलंत, "मांजर नाई, मीच चाललो. पुन्हा चालतो." आणि ते सगळे शब्द युनिकोडात, कुठल्याही मशीनवर दिसतील असे, पहिल्यापासून टाइप केलेत, दुकानातलं काम सांभाळून. त्या मांजराबद्दल मी तुमची कधी माफी मागितली नाही. नंतर आपण इतकं बोललो, तुम्ही स्वतःच त्यावरून कितीदा विनोद केलात, मला वाटत राहिलं की आता त्याची गरज नाही. गरज होती. चुकलं माझं.

तुमची भांडायची रीत आमच्यात कुणाचीच नव्हती. आमच्या चर्चेत जो तो आपलं घोडं दामटायचा. तुम्ही आधी समोरच्याची बाजू लिहायचा. "बाईचं म्हणणं असं हाय," अशी सुरुवात, मग माझं म्हणणं चार-पाच ओळींत, माझ्यापेक्षा चांगलं. मी रागाच्या भरात जी कारणं द्यायला विसरले असेन तीसुद्धा तुम्ही त्यात घालायचा. मग खाली विचारायचा, "बरोबर लिवलं का? काई राह्यलं असन त सांग." मी हो म्हटल्याशिवाय पुढे जायचा नाहीत. आणि हो म्हटलं की नवी ओळ, "मले पटलं नाई. कारण सांगतो."

ही रीत कुठून आणली, असं मी एकदा विचारलं. तुम्ही म्हणालात, "तालमीत शिकलो, बाई. खलनायकाचा डायलॉग कच्चा लिवला का नाटक बसते खाली. त्याले पुरं बोलू द्या लागते. मंग हिरोनं काई म्हटलं त लोक ऐकते." मी म्हटलं, म्हणजे मी खलनायक? "आता तू हिरो हायेस का मी, हे नाटक कंपनीवाला ठरवन," म्हणून तुम्ही हसत सुटलात.

पुण्याच्या अनिकेतनं एकदा 'गावठी शब्द भरून यादीची वाट लावताय' असं लिहिलं, तेव्हा माझंच डोकं फिरलं होतं. तुम्ही त्याचीही बाजू मांडलीत. यादी जितकी फुगेल तितक्या खऱ्या चुका सुटतील, अनिकेतनं पाच वर्षं ती एकट्यानं घासूनपुसून नीट ठेवली आहे, आपलं नीट ठेवलेलं घर कुणी विस्कटलं की राग येणारच. दोन दिवसांनी 'गावठी' हा शब्द अनिकेतनं स्वतःच काढला. त्यानं तुमचं ऐकलं असं काही नाही, पण त्या दिवसापासून तो तुम्हाला भाऊ म्हणायला लागला.

आणि तो फोन. मी तुम्हाला प्रमाणभाषेचं महत्त्व समजावून सांगत होते, तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून ओरडली, "ओ बाई, तुले चा पायजे का नाई? थंडा होऊन राह्यला!" मी फोनवर हात ठेवला, पण उशीर झाला होता. पलीकडे तुमचं हसू आवरेना. "मॅडम पुण्याच्या हायेत असं वाटत होतं मले!" त्या दिवसापासून तुम्ही मॅडम सोडून बाई म्हणायला लागलात. मी बल्लारपूरची, कागद गिरणीच्या कामगाराची मुलगी, घरून पुण्याच्या कंपनीचं काम करते, हे सगळं मग सांगून टाकलं. पण एक नाही सांगितलं.

ते आता सांगते. इंजिनिअरिंगला पुण्यात गेले तेव्हा पहिल्या आठवड्यात वर्गात हात वर करून म्हटलं होतं, "सर, मले समजलं नाई." अख्खा वर्ग हसला. सरही हसले. मीसुद्धा हसले, कारण दुसरं काय करायचं ते सुचलं नाही. चार वर्षं पोरं मला 'मले' म्हणून हाक मारायची. त्या दिवशी तो शब्द मी बाहेर बोलायचा बंद केला आणि घरी बोलायचाही कमी केला. तुमच्या पहिल्या यादीत पहिलाच शब्द 'मले' होता, भाऊ.

मागच्या हिवाळ्याच्या आधी आपलं मोठं भांडण झालं. हे शब्द मूळ यादीत घ्यायचे की आपल्या पूर्व विदर्भातल्या झाडीबोलीची वेगळी फाईल करायची? मी म्हटलं, वेगळी फाईल. ज्याला हवी त्यानं जोडून घ्यावी. तुम्ही माझी बाजू नीट मांडलीत: उद्या कुरखेड्याची एखादी पोरगी नोकरीचा अर्ज लिहील, तिच्या हातून 'मले' लिहिलं जाईल, आणि तपासनीस गप्प बसला तर अर्ज तसाच जाईल आणि लोक तिला हसतील. त्या पोरीला वाचवणं हे आपलं काम आहे. "बरोबर लिवलं का?" मी म्हटलं, तंतोतंत. वाचताना मला तो पुण्याचा वर्ग आठवला होता, हे तुम्हाला कळायचं कारण नव्हतं.

मग तुम्ही लिहिलंत, "मले पटलं नाई. हसणारा चुकला न लाल रेघ लिवणारीच्या खाली काऊन? न वेगळी फाईल म्हणजे काय, बाई? सगळ्याइले पंगतीत वाढायचं न आमाले म्हणायचं, तुम्ही मागून बसा."

ते मला फार लागलं. मी त्या मुलीच्या बाजूनं बोलत होते आणि तुम्ही मला पंगतीतून उठवणारी करून टाकलं होतं. मी लिहिलं, 'निर्णय झाला आहे', आणि चर्चेला कुलूप लावलं. किल्ली माझ्याकडे होती म्हणून लावता आलं. मुद्दा माझा खरा होता, अजूनही मला तो खरा वाटतो, पण कुलूप मी मुद्द्यासाठी लावलं नव्हतं.

हिवाळा आला, नाटकांचा मोसम, तुमच्या दुकानाला श्वास घ्यायला फुरसत नाही. तरी फोन केलात, "बाई, एक दिवस ये. भांडाले नाई, जेवाले." मी सकाळच्या गाडीनं आले. सिंदेवाहीच्या पुढे धान कापून झालेलं, बांध्या रिकाम्या. वहिनींनी लाखोळीचं वरण आणि तलावातली मासोळी केली होती. दुपारी दुकानामागच्या पटांगणात तालीम चालू होती, तिथे तुम्ही मला खुर्ची टाकून बसवलंत. एक वयस्क नटी आईचं काम करत होती. तुम्ही तिला म्हटलं, बाईंना तो डायलॉग दोन्ही तऱ्हेनं म्हणून दाखव. तिनं आधी म्हटलं, "मला टाकून जाऊ नकोस रे." मग म्हटलं, "मले टाकून नोको जाऊ रे बापा." दुसऱ्यांदा तिच्या आवाजानं मला आमची आई आठवली. आम्ही दोघी बाबांना गाडीत बसवून द्यायला स्टेशनवर गेलो होतो तेव्हाची. तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत. कुठलं बरोबर, असंही विचारलं नाहीत. विचारलं असतं तर मी परत भांडले असते.

त्यानंतर काही महिन्यांनी हा बदल आला. ना माझी वेगळी फाईल, ना तुमचं सगळं मूळ यादीत. तिसरंच काहीतरी. बोलीतल्या शब्दाखाली लाल रेघ नाही, निळे ठिपके. त्यावर गेलं की छोटी चिठ्ठी: 'बोलीतला शब्द. प्रमाण रूप: मला.' चूक म्हणायचं नाही, लपवायचंही नाही. अर्ज लिहिणाऱ्या मुलीला कळेल की दुसरं रूप आहे, नाटकातली आई निवांत मरेल. सोबत तुम्ही लिहिलं होतं, "बाईचं म्हणणं खरं होतं, पोरीले सांगाव लागते. माहं म्हणणं होतं का रागावू नोको. दोन्ही बसवून पाह्यलं. पाहून सांग."

मी त्याच दिवशी तो माझ्या मशीनवर चढवला. तासभर नुसते शब्द टाइप करत बसले. मले, तुले, पोराले, शाळेले, करायले. निळे ठिपके येत होते. सात वर्षं मी हे काम करतेय आणि हे मला सुचलं नव्हतं. डीटीपीवाल्या माणसाला सुचलं.

म्हणूनच उत्तर दिलं नाही. व्यस्त आहे, नीट बघून सांगू, असं स्वतःला सांगत राहिले. 'भाऊ, हे माझ्यापेक्षा चांगलं आहे' एवढं एक वाक्य लिहायचं होतं. मधे एकदा तुमचा फोन आला, मी तो वाजू दिला. मला ठाऊक होतं तुम्ही काय विचारणार. आणि मग वहिनींच्या भाच्याचा फोन आला.

तेरवीला ताट वाढताना वहिनी सहज म्हणाल्या, "रोज सकाळी उठले का मोबाईल पायत. म्हणत, बाईचं काई आलं नाई. मी म्हटलं, रागावली असन. त म्हणे, नाई, थे वाचून राह्यली. बाई वाचल्याबिगर बोलत नाई." मी हातातला घास परत ताटात ठेवला. वहिनींना वाटलं, तिखट लागलं. त्यांनी पाणी दिलं.

तुम्ही गेल्याचं मी मंडळींना कळवलं, तेव्हा अनिकेतनं लगेच लिहिलं, 'भाऊंच्या स्मरणार्थ त्यांचा शेवटचा बदल आजच घेऊन टाकू.' खाली फुलं, जोडलेले हात. सगळ्यांचा होकार. मी थांबवलं. लोकांना वाटलं, हिचा अजून राग गेला नाही.

पण भाऊ, तुमच्या बदलात चूक आहे. ती मला त्याच दिवशी दिसली, कळवायचा निरोप लिहिताना. मी टाइप केलं, 'सुखदेवभाऊ गेले', आणि 'गेले'च्या खाली निळे ठिपके उमटले. चिठ्ठी आली: 'बोलीतला शब्द. प्रमाण रूप: गेला.' मग मी कोड उघडून पाहिला. ज्याच्या शेवटी 'ले' तो बोलीतला, असा तुमचा नियम. 'केले', 'आले', 'झाले' असल्या शब्दांना वगळायला तुम्ही हातानं यादी केली होती, ती लांबलचक होती, आणि तीत 'गेले' राहून गेला होता. इतका रोजचा शब्द. खरं तर त्या यादीची गरजच नव्हती. तपासनिसानं आधी मूळ यादी पाहायची आणि तिथे शब्द नसेल तरच बोलीचा नियम लावायचा, एवढं केलं असतं तर भागलं असतं. तुम्ही उलटं केलंत. शेजारी टीपही लिहिली होती: 'आधी घरचं विचारायचं, मंग बाहेरचं.' म्हणजे चूक नजरेतून सुटलेली नव्हती, तो तुमचा हट्ट होता. तुम्हालाही होता बरं का, हट्ट. मी एकटीच नव्हते.

अशा बदलावर फुलं वाहून तो आत घेतला असता, तर तुम्ही मेलात म्हणून मी तुम्हाला सूट दिली असं झालं असतं. ते मला जमलं नाही. आज सकाळी मी उत्तर लिहिलं, तुमच्या रीतीनं. आधी तुमची बाजू, मला जमेल तितकी चांगली. पंगतीचा मुद्दा घातला, आईच्या डायलॉगचा घातला. मग लिहिलं, की हे माझ्यापेक्षा चांगलं आहे आणि सांगायला मी उशीर केला. मग लिहिलं की हा क्रम मला पटला नाही, आणि का ते. 'बरोबर मांडलं का?' हे विचारायच्या जागी येऊन हात थांबला. तरी विचारलं. न विचारता पुढे कसं जाणार?

मग मीच क्रम बदलला. आधी मूळ यादी, मग बोली. तपासून पाहताना एक वाक्य टाइप केलं, 'पाहुणे चा प्यायले आले.' 'प्यायले'खाली ठिपके नाहीत. कारण 'प्यायले' हे प्रमाण मराठीतही आहे, 'पाहुणे चहा प्यायले', ते मूळ यादीत सापडलं आणि तपासनीस तिथेच थांबला. आपल्याकडचं 'प्यायले', पिण्यासाठी, ते माझ्या क्रमात कधीच दिसणार नाही. तुमच्या क्रमात दिसत होतं. आधी घरचं विचारायचं, हा हट्ट होता की तुम्ही हे 'प्यायले' पाहून ठेवलं होतं? वहिनींना फोन केला तर त्या कसं बोलतात ते सांगतील. पण कुठल्या क्रमात कोणाचं जास्त नुकसान, हे मी कुणाशी बोलू? झाडी बोलता येणारा आणि कोड वाचता येणारा माणूस आमच्यात तुम्हीच होतात. बाकी मी.

मी दोन्ही क्रम मंडळींपुढे ठेवले. दोन्ही बाजू मांडल्या, आणि शेवटी लिहिलं की माझा क्रम चुकीचा असू शकतो, कोणीतरी विरुद्ध बाजूनं बोला. दोनच मिनिटांत अनिकेतचा होकार आला. वाचायलाच त्याहून जास्त वेळ लागला असता. मग एकेकाचे अंगठे येत गेले. मी परत विचारलं, अरे, न पटणारं कुणालाच काही नाही का? अनिकेतनं लिहिलं, 'तू म्हणशील ते फायनल.'

भाऊ, सात वर्षं मी हेच ऐकायला भांडत होते. आज सगळे एकमतानं म्हणाले आणि माझ्याच्यानं बदल आत घ्यायचं ते बटण दाबवेना.